दूरच्या डॉक्टरचा भार जवळच्या सिस्टरवर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ऑनलाइन वैद्यकीय सेवेचा, म्हणजे टेलिमेडिसिनचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : यंत्रणा तयार आहे, पण आरोग्य कर्मचाऱ्यांचीच तयारी नाही. डॉक्टर टाळतात, सिस्टर कुरकुरतात, उपकेंद्रातला टॅब कपाटात पडून राहतो. वर्णन पुष्कळ अंशी खरे असेल, पण त्यावरून काढलेले निदान आम्हाला पटत नाही. कर्मचाऱ्याची तयारी त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्यापुढे काम कसे मांडून ठेवले आहे यावर जास्त अवलंबून असते. याचा पुरावा शोधायला गोव्याबाहेर जायची गरज नाही.

हृदयविकाराच्या झटक्यासाठी राज्यात ‘स्टेमी गोवा’ हा उपक्रम काही वर्षे चालू आहे. छातीत दुखणारा माणूस जवळच्या सरकारी केंद्रात आला की तिथे बारा लीडचा ईसीजी, म्हणजे बारा कोनांतून घेतलेला हृदयाचा विद्युत आलेख, काढतात. आलेख इंटरनेटवरून तज्ज्ञाकडे जातो, वाचून परत येतो आणि झटका नक्की ठरला तर गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस तिथल्या तिथे देऊन रुग्णाला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) हलवतात. याला कुणी टेलिमेडिसिन म्हणत नाही, पण आहे ते टेलिमेडिसिनच. इथे ‘कर्मचारी नवे काही स्वीकारत नाहीत’ ही ओरड फारशी ऐकू येत नाही.

का येत नाही, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. काम नेमके आहे : रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, हा जगभर मानलेला दंडक. उत्तर लवकर येते आणि ते बहुतेक वेळा हो किंवा नाही असे असते. पुढे काय करायचे तेही ठरलेले आहे. औषध हाताशी असते, मात्रा वजनावरून ठरते : ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ९० किलो आणि त्यापुढे ५० मिलिग्रॅम, मधल्या वजनांना पायरीपायरीने. चूक कुठे होऊ शकते हेही माहीत असते. डाव्या-उजव्या हाताच्या वायरी एकमेकींच्या जागी लागल्या तर पहिली लीड उलटी उमटते. छातीवरचे व्ही-वन आणि व्ही-टू हे इलेक्ट्रोड चौथ्या-पाचव्या बरगडीमधल्या फटीत न लावता वर चिकटवले तर आलेख फसवतो. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सरकतो, म्हणून आधी गॉजने छाती कोरडी करून घ्यायची. इतके हातात असले की स्क्रीनची भीती कुणाला वाटत नाही.

आता याच्या शेजारी नेहमीची ऑनलाइन ओपीडी ठेवू. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन ओपीडी मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने उभारली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचा आरोग्य केंद्रांसाठीचा भाग सुरू झाला : या टोकाला रुग्ण आणि कर्मचारी, त्या टोकाला ‘हब’मध्ये डॉक्टर. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, घरबसल्या डॉक्टरशी बोलायची सोय झाली. कल्पनेत खोट नाही. खोतीगावच्या किंवा नेत्रावळीच्या म्हाताऱ्या माणसाने कातडीच्या डॉक्टरसाठी दोन बसगाड्या बदलून मडगाव गाठावे, असे कुणीच म्हणणार नाही.

पण उपकेंद्रात एक तपासणी प्रत्यक्षात कशी पार पडते ते पाहा. साठीची बाई आहे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, पायाची जखम भरत नाही. प्रथम नोंदणी. चौदा आकडी आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) आधारवरून काढायचा तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल मुलाकडे, मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग रक्तदाब : पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसवायचे, दंड हृदयाच्या पातळीला, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे. जाड दंडाला लहान कफ बांधला तर आकडा खोटा वाढतो, आणि केंद्रात कफ बहुधा एकाच मापाचा असतो. मग साखर : बोट साबणाने धुऊन कोरडे करायचे, कारण स्पिरिट ओले असताना किंवा बोटाला गोड काही लागलेले असताना पट्टी चुकीचे सांगते. मग जखमेचा फोटो. मग बाई कोंकणीत किंवा कन्नडमध्ये जे सांगते ते ऐकून सिस्टरने इंग्रजीत टाइप करायचे. मग रांग. कॉल लागायच्या आधीच पंधरा-वीस मिनिटे संपलेली असतात आणि बाहेर लसीकरणाला आलेली बाळे रडत असतात.

हे सगळे नीट केले तर तपासणी उत्तम होते, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की ती मिनिटे कुणाच्या दिवसातून काढायची? गोव्यात आशा कार्यकर्त्या नाहीत, हे बाहेरच्या तज्ज्ञांच्या सहसा लक्षात येत नाही. इतर राज्यांत दारोदार फिरण्याचे जे काम आशा करते ते इथे एएनएम (उपकेंद्रातली सिस्टर), बहुउद्देशीय कर्मचारी आणि काही प्रमाणात अंगणवाडी सेविका यांच्यात वाटले जाते. त्याच एएनएमने गरोदर मातांची नोंद आरसीएचवर, लसीकरण यू-विनवर, क्षयरुग्ण निक्षयवर, तापाचे संशयित आयएचआयपीवर, मधुमेह-रक्तदाब एनसीडी पोर्टलवर चढवायचा आणि शिवाय कागदी रजिस्टर भरायचेच, कारण तपासणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा तेच मागतो. यात ऑनलाइन तपासणी ही आणखी एक खिडकी. पोर्टलांची एकमेकांशी सांगड नसेल तर त्याच बाईचे नाव, वय, रक्तदाब तीन ठिकाणी टाइप करावा लागतो. अशा वेळी सिस्टर तोंड वाकडे करते तेव्हा तिचा राग तंत्रज्ञानावर नसतो, त्याच माहितीच्या तिसऱ्या फेऱ्यावर असतो. उपाय साधा आहे : ऑनलाइन तपासणीची छापील प्रत रजिस्टरला चिकटवली की कागदी नोंद पूर्ण झाली असे परिपत्रक काढावे. याला पैसा लागत नाही.

डॉक्टरांच्या बाजूचे दुखणे वेगळे आहे. हबमधला डॉक्टर बहुतेक वेळा स्वतःची ओपीडी चालवत असतो. समोर तीस-चाळीस माणसे बसलेली आणि बाजूच्या स्क्रीनवर कॉल वाजतोय. समोरचा माणूस कुरकुरू शकतो, स्क्रीनवरचा कुरकुरू शकत नाही. कुणाला थांबवले जाईल हे सांगायला नको. म्हणून ऑनलाइन कामासाठी राखीव वेळ हवी, ओपीडीतून वगळलेली आणि ड्युटी चार्टवर लिहिलेली. ‘मध्ये-मध्ये बघून घ्या’ या आदेशाने रुग्ण ताटकळतो, सिस्टर तोंडघशी पडते आणि दुसऱ्या खेपेला ती रुग्णाला थेट बस दाखवते. तिचे चुकले असे आम्हाला वाटत नाही.

दुसरी भीती कायद्याची. ती पुष्कळदा माहितीअभावी असते, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. २५ मार्च २०२० रोजी आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीला जोडलेली आहेत. त्यांनी औषधांचे चार गट पाडले. ‘ओ’ यादीत तापाची पॅरासिटामॉल, ओआरएस अशी सुरक्षित औषधे. ती कोणत्याही मार्गाने सांगता येतात. ‘ए’ यादीत पहिल्याच भेटीत लिहिता येणारी क्लोट्रिमाझोल, मुपिरोसिन यांसारखी मलमे, डोळ्या-कानाचे काही थेंब. पण अट अशी की ती पहिली भेट व्हिडिओवर झाली पाहिजे. मधुमेह-रक्तदाबाच्या मेटफॉर्मिन, एनालाप्रिल यांसारख्या चालू औषधांचा पुढचा साठा त्याच यादीत येतो आणि तो फोनवरूनही लिहून देता येतो. ‘बी’ यादी पाठपुराव्याच्या भेटीत चालू औषधाला जोड द्यायची. शेड्युल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखालची औषधे या तत्त्वांनुसार वर्ज्य.

यातून एक गोष्ट निघते जी प्रशिक्षणात सांगितली जायला हवी. मध्येच नेटवर्क गेले आणि व्हिडिओवरून आवाजावर यावे लागले तर डॉक्टरच्या हातातली औषधांची यादीच आखडते. साध्या गजकर्णाचे मलमसुद्धा त्याला नव्या रुग्णाला नियमाने लिहिता येत नाही. म्हणजे इंटरनेटची रड ही संगणकवाल्याची किरकोळ तक्रार समजायची गोष्ट नाही; ती थेट औषधाच्या चिठ्ठीवर येऊन आदळते. वाळपईच्या पलीकडे किंवा धारबांदोड्याच्या काही भागांत डॉक्टर ऑनलाइन चिठ्ठी लिहायला कचरत असतील तर त्याचे एक कारण हे धरावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘पाठपुरावा’ कशाला म्हणायचे याची व्याख्या या तत्त्वांत दिली आहे : तोच डॉक्टर, तोच आजार आणि त्याने समोर बसवून तपासल्याला सहा महिन्यांच्या आत. हबमधला डॉक्टर पाळीप्रमाणे रोज बदलत असेल तर ही व्याख्या कधीच पूर्ण होत नाही. दहाव्यांदा आलेला रक्तदाबाचा रुग्णही कागदोपत्री पहिल्यांदा आलेला ठरतो. मग सावध डॉक्टर चालू औषधाला नवे औषध जोडण्याऐवजी ‘केंद्रात येऊन दाखवा’ असे लिहून मोकळा होतो. आपण त्याला निरुत्साही म्हणतो; तो फक्त नियम पाळत असतो. तोडगा असा : प्रत्येक उपकेंद्राला आपल्याच प्राथमिक केंद्रातला एक ठरलेला डॉक्टर आणि आठवड्यातला एक ठरलेला वार द्यावा. मधुमेह-रक्तदाबाचा प्रत्येक रुग्ण सहा महिन्यांतून एकदा त्याच डॉक्टरसमोर प्रत्यक्ष बसवावा, मधल्या भेटी ऑनलाइन घ्याव्यात. तज्ज्ञांचे हब त्याच्या वर असू द्या, पण रोजचे काम ओळखीच्या डॉक्टरकडेच राहावे. सिस्टरलाही पलीकडचा माणूस माहीत असतो, त्याला नेमके काय विचारायचे ते कळते आणि डॉक्टरलाही कोणत्या सिस्टरचा रक्तदाबाचा आकडा डोळे मिटून घ्यायचा हे कळते.

संमतीबद्दलही गोंधळ आहे. रुग्णाने स्वतः फोन लावला तर संमती गृहीत धरली जाते. पण सिस्टरने किंवा डॉक्टरने पुढाकार घेऊन कॉल लावला तर ती स्पष्ट शब्दांत घेऊन नोंदवावी लागते. म्हणजे उपकेंद्रातून लावलेल्या कॉलला ती घेतलेली बरी. लेखी, आवाजात रेकॉर्ड केलेली किंवा संदेशात, कशीही चालते. आवाज आणि चित्र पुरेसे नाही असे वाटले तर डॉक्टर कोणत्याही क्षणी तपासणी थांबवून प्रत्यक्ष यायला सांगू शकतो, रुग्णही थांबवू शकतो. हा हक्क ठाऊक असलेला डॉक्टर उलट मोकळेपणाने काम करतो. सिस्टरची भीती वेगळी असते : ‘मी पोट दाबून पाहिले, मऊ आहे म्हणाले, आणि उद्या अपेंडिक्स फुटले तर?’ तिने पाहिलेले काय, त्यावरून डॉक्टरने ठरवलेले काय, हे वेगवेगळ्या रकान्यांत, वेळेसह, तिच्या आणि डॉक्टरच्या दोघांच्या नोंदीत राहिले पाहिजे. निर्णय डॉक्टरचा, निरीक्षण तिचे. हे कागदावर स्पष्ट असेल तर ती निरीक्षण मनापासून करते. नसेल तर ‘रुग्ण म्हणतो पोट दुखते’ एवढेच लिहून हात झटकते.

आता सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या अडचणीकडे येतो : औषध. ऑनलाइन तपासणी झाली, डॉक्टरने रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन लिहिले आणि उपकेंद्राच्या कपाटात रक्तदाबाचे दुसरेच औषध, अ‍ॅम्लोडिपिन, आहे. बाईला शेवटी बसने तालुक्याला जावेच लागले. पुढच्या वेळी ती सिस्टरला सांगेल, ‘तुझा तो टीव्ही नको, मी सरळ जाते.’ सिस्टरजवळ यावर उत्तर नसते आणि चार रुग्णांनी असे ऐकवले की तिचाही उत्साह मावळतो. हबच्या डॉक्टरला त्या उपकेंद्रात आज काय शिल्लक आहे ते दिसत नसेल तर पुढचे सगळे वाया. साठ्याची यादी प्रणालीत जोडायला वेळ लागणार असेल तोवर दर सोमवारी सिस्टरने कपाटातल्या यादीचा फोटो ठरलेल्या डॉक्टरला पाठवावा आणि उपकेंद्रातून कॉल लागताच डॉक्टरने ती यादी समोर ठेवावी. यादीबाहेरचे औषध लागलेच तर ते त्या रुग्णाच्या नावाने प्राथमिक केंद्रातून पुढच्या फेरीच्या गाडीत यावे. लसीचा डबा ने-आण करणारी गाडी असतेच, त्यात एक पाकीट जास्त झाले तर काय बिघडते? आमच्या मते ऑनलाइन सेवेचे यश कॅमेऱ्यापेक्षा या पाकिटावर जास्त अवलंबून आहे.

तांत्रिक बाबींत चार शब्द, कारण खरेदी होते ती चुकीच्या गोष्टींची. इंटरनेटची जाहिरात डाउनलोडच्या वेगाची असते; उपकेंद्रातून चित्र वर पाठवायचे असते, त्याला अपलोड लागतो. स्थिर एक एमबीपीएस अपलोड साध्या व्हिडिओला पुरतो, पण तो सकाळी दहा ते बारा या गर्दीच्या वेळी, तपासणीच्या टेबलापाशी मोजलेला असावा. आपल्याकडच्या जुन्या इमारती चिऱ्याच्या. दीड फूट जाड भिंतीआड वायफाय मान टाकतो. राउटर कार्यालयात आणि टॅब आतल्या खोलीत असेल तर तक्रार कंपनीकडे करून उपयोग नाही, पंधरा मीटर लॅन केबल ओढावी. वीज जाते ती पावसाळ्यात आणि त्याआधीच्या वादळात जास्त. टॅबला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते. त्यामुळे मोठा यूपीएस घेण्यापेक्षा राउटरसाठीचा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. विजा चमकत असताना तांब्याच्या तारेवरची जोडणी राउटरचे पोर्ट जाळते. फायबर असेल तर हा धोका बराच कमी, पण वीजपुरवठ्याचा प्लग तरी काढावाच. आणि हेडफोन. दोनशे-तीनशे रुपयांची माइकवाली तार. ती नसली की रुग्णाचा आजार बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्या वाड्याला ऐकू जातो. बाईच्या पांढऱ्या पाण्याची तक्रार स्पीकरवर बोलली जाणार असेल तर ती येणारच नाही आणि सिस्टरही तिला आग्रह करणार नाही.

फोटोचेही तंत्र आहे. त्वचेच्या रोगासाठी दोन फोटो : एक लांबून, पुरळ अंगावर कुठे पसरले ते दिसेल असा, दुसरा जवळून, शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचे नाणे ठेवून. खिडकीचा उजेड घ्यावा, फ्लॅश बंद. फ्लॅशने लाल चट्टा पांढुरका दिसतो. चेहरा गोरा करणारा फिल्टर बंद आहे ना ते पाहावे, काही मोबाइलमध्ये तो आधीपासून चालू असतो आणि डॉक्टरला गुळगुळीत गाल दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि बारकावे जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. पल्स ऑक्सिमीटर लावताना नखांचा रंग पुसावा, बोट गार असेल तर चोळून गरम करावे.

कर्मचाऱ्याचा वैयक्तिक मोबाइल वापरायला लावणे ही मात्र वाईट खोड आहे. रुग्णाच्या जखमेचा फोटो सिस्टरच्या गॅलरीत तिच्या मुलाच्या वाढदिवसाशेजारी साठतो, आपोआप क्लाउडवर चढतो, आणि दुरुस्तीला दिलेल्या मोबाइलमधून कुठे जाईल सांगता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यानंतर तरी खात्याने खात्याचे मोबाइल आणि खात्याचे सिम द्यावे. डेटा पॅकचा खर्च कर्मचाऱ्याने खिशातून करायचा आणि वर त्याच्या ‘इच्छाशक्ती’वर भाषण ऐकायचे, हे बरे दिसत नाही.

प्रशिक्षणाविषयी. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले प्रतिमान या क्षेत्रात आजही वापरले जाते : माणूस नवे तंत्र वापरतो ते त्याला ते उपयोगी वाटते म्हणून आणि सोपे वाटते म्हणून, त्यांच्या अभ्यासात उपयोगी वाटण्याचे वजन सोपे वाटण्यापेक्षा जास्त निघाले. आपली प्रशिक्षणे उलट्या टोकाला असतात. पणजीतल्या सभागृहात दिवसभर स्लाइड्स, कोणते बटन कुठे ते सांगायचे, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. बटने तर तरुण सिस्टर एका तासात शिकते. तिला हवे असते ते हे : कोणता रुग्ण ऑनलाइन दाखवल्याने माझे आणि त्याचे काम हलके होईल? हे सभागृहात शिकवता येत नाही. उपकेंद्रात, दुपारी गर्दी ओसरल्यावर, ठरलेल्या डॉक्टरसोबत खोटे खोटे तीन-चार कॉल करावे लागतात. आणि डॉक्टरने एकदा तरी ते उपकेंद्र स्वतः येऊन पाहावे. दिवा कुठे आहे, खाट कुठे आहे, टेबल किती लहान आहे हे पाहिलेला डॉक्टर मग ‘रुग्णाला झोपवून पाय वाकवून दाखवा’ असे अशक्य काही मागत नाही. अडकले तर फोन करायला एक माणूस हवा, तोही जिल्हा पातळीवर नव्हे, तालुक्यातला, नाव आणि नंबर भिंतीवर लावलेला.

कर्मचाऱ्यांची तयारी खऱ्या अर्थाने बिघडवणारी गोष्ट म्हणजे उद्दिष्टे. महिन्याला अमुक कॉल झालेच पाहिजेत असे सांगितले की सर्दी-खोकल्याची माणसे पडद्यासमोर बसवली जातात, महिनाअखेरीस दुपारी कॉलची रांग लागते आणि ज्याला खरी गरज आहे त्याचा कॉल त्या रांगेत अडकतो. आकडा छान दिसतो. डॉक्टरच्या मनात मात्र ‘ऑनलाइन म्हणजे सर्दी’ असे बसते आणि एकदा ते बसले की गंभीर रुग्णाचा कॉलही तो त्याच मनाने उचलतो. मोजायचेच असेल तर लागलेल्या कॉलना किती मिनिटांत उत्तर मिळाले, किती जणांना औषध तिथेच मिळाले आणि किती जणांना तरीही मडगाव-म्हापशाला जावे लागले, हे मोजावे. तिसरा आकडा कमी होत गेला तरच काम झाले.

कोणाला पडद्यासमोर अजिबात बसवायचे नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात हवे. छातीत दुखणे : थेट ईसीजी. तोंड वाकडे, हात लुळा, बोबडी वळणे : थेट १०८, आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते चिठ्ठीवर. दम लागणे किंवा मोठ्या माणसाचे ऑक्सिजन ९४ च्या खाली. सर्पदंश, मग दाताच्या खुणा दिसोत वा न दिसोत. मण्यार चावलेले कित्येकदा दिसतही नाही. सत्तरी तालुक्यात जंगलात जाऊन आलेल्या माणसाला हिवाळा-उन्हाळ्यात ताप आला तर गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाच्या संशयाने रक्ताचा नमुना घ्यावा लागतो, तो पडद्यावरून घेता येत नाही. पावसात शेतात उतरलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील, लघवी कमी होत असेल, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) शंका धरून प्रत्यक्षच पाठवावे. एकट्याने आलेले अल्पवयीन मूल ऑनलाइन दाखवायचे नाही, सोबत मोठे माणूस असलेच पाहिजे, हा तर नियमच आहे. ही यादी जितकी ठळक तितकी सिस्टर उरलेल्या रुग्णांना निर्धास्तपणे ऑनलाइन दाखवते.

मानसिक आजारांत मात्र पडद्याचा उपयोग आम्हाला सर्वांत जास्त वाटतो. इथे हात लावून तपासण्याचे कमी, बोलण्याचे जास्त, आणि गावात ‘अमका मनोरुग्णांच्या इस्पितळात गेला होता’ ही कुजबुज टळते. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो किती उपकेंद्रांच्या भिंतींवर दिसतो ते वाचकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे. बाळंतपणानंतर उदास राहणाऱ्या बाईला घरच्या फेरीत ओळखणारी एएनएमच असते. तिला फक्त तो नंबर लावून देण्याइतका वेळ आणि आडोसा द्या.

खाजगी डॉक्टरांबद्दल एवढेच, की फोनवर फोटो पाहून दोन ओळी लिहून पाठवणे ही गोव्यात आता रोजची गोष्ट झाली आहे. त्यालाही तेच नियम लागू आहेत : नोंदणी क्रमांक असलेली, सही केलेली चिठ्ठी, संभाषणाची नोंद आणि फी घेतली तर पावती. नुसता ‘ही गोळी घ्या’ असा संदेश फार्मसीवाल्याने चिठ्ठी म्हणून घेऊ नये.

आरोग्य खात्याला आमची सूचना आहे ती लहान आणि करण्याजोगी. सत्तरी, सांगे, काणकोण आणि धारबांदोडा या चार तालुक्यांतल्या उपकेंद्रांपासून सुरुवात करावी. पाऊस लागण्याआधी प्रत्येक ठिकाणी तपासणीच्या टेबलापाशी अपलोड मोजावा, राउटरला बॅटरी आणि सिस्टरला हेडफोन द्यावा, मोठ्या मापाचा एक कफ द्यावा. ठरलेल्या डॉक्टरचे नाव आणि वार दारावर लावावा आणि त्या दोन तासांत त्या डॉक्टरला दुसरी ओपीडी देऊ नये. तो रजेवर असला तर बदली कोण, तेही त्याच कागदावर असावे. चतुर्थीच्या आठवड्यात हा कागद किती खरा ठरतो, ते उपकेंद्रातल्या सिस्टरलाच विचारावे, हबला नको.

आपले,
आरोग्यसेवेशी संबंधित काही वाचक
फोंडा